१७ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलासोबत मदतनीस म्हणून काम: कुठे पुढे व्हावे, कुठे थांबावे?

प्रश्न: नवी मदतनीस, कोथरूड

नमस्कार. मी मानसशास्त्रात बी. ए. केले असून जूनपासून कोथरूडमधील एका कुटुंबातील १७ वर्षांच्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलासोबत वैयक्तिक मदतनीस म्हणून काम करत आहे. शाळा-कॉलेजांत या कामाला सर्रास 'शॅडो' म्हणतात. मुलगा अकरावीला, कला शाखेत आहे. सकाळी आनंदनगर स्थानकावरून आम्ही मेट्रोने कॉलेजला जातो, दुपारी परततो आणि जेवणानंतर थोडा वेळ दुकानातून सामान आणणे, पैसे मोजून देणे, उद्याचे दप्तर भरणे असा सराव असतो. तो बोलतो, पण लहान वाक्यांत. थकला की बोलणे जवळपास थांबते आणि मग टॅबवरील चित्रांवर बोट ठेवून तो आपले म्हणणे सांगतो. वनाजपासून रामवाडीपर्यंतची सगळी स्थानके त्याला क्रमाने पाठ आहेत. वर्गात अस्वस्थ झाला की मेट्रोतील उद्घोषणा तो जशीच्या तशी, त्याच सुरात म्हणू लागतो.

काम मला मनापासून आवडते, परंतु मी नेमके किती करावे हे अजून उमगलेले नाही. तो सावकाश लिहितो म्हणून फळ्यावरचे मी उतरवून घेते आणि तास संपताना लक्षात येते की त्याने पेन उचललेलेच नाही. प्राध्यापक त्याच्याविषयीचे प्रश्न त्याच्यासमोर मला विचारतात. कॅन्टीनमधले काका पैसे त्याच्या हातून घेतात, पण 'याला काय द्यायचे?' हे माझ्याकडे बघून विचारतात. मी उत्तर दिले तर रांग खोळंबत नाही, हे खरे; तरीही ते मला योग्य वाटत नाही.

दुसरी अडचण अशी की सूचना देणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची सूचना निराळी आहे. त्याच्या आईंना वाटते की बोलताना त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावावे आणि त्याचे हात झटकणे थांबवावे, कारण लोक बघतात. वर्गशिक्षिकांना वर्गात शांतता हवी आहे. थेरपिस्ट सांगतात की हात झटकत असेल तर झटकू द्या. या सगळ्यांत माझी ओढाताण होते आणि माझ्याहून जास्त त्याची होत असणार.

तिसरी बाब तातडीची आहे. गेल्या आठवड्यात दोन तासांच्या मध्ये जिन्यावर गर्दी झाली, मागून कोणीतरी त्याची सॅक ओढली आणि तो कानांवर हात दाबून पायरीवरच बसला, ओरडू लागला, स्वतःच्या मनगटाला चावू लागला. मुले भोवती जमली आणि दोघा-तिघांनी मोबाइल बाहेर काढले. आता घरामागच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला आहे, संध्याकाळ झाली की तो घरातल्या घरात येरझारा घालतो, आणि गणपती तर अजून यायचे आहेत. अशा वेळी मी काय करावे आणि काय मुळीच करू नये? याच क्षेत्रात राहायचे असेल तर पुढे कोणते शिक्षण घ्यावे, हेही कोणी सांगितल्यास आभारी होईन.

उत्तर: विशेष शिक्षिका, निगडी

आपण विचारलेला पहिला प्रश्न या कामातली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे स्वतःला विचारत नाहीत, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

आज किती पाने लिहून झाली यावरून आपली मदत मोजू नका. तीच गोष्ट सहा महिन्यांनी त्याला तुमच्याशिवाय किती जमते, यावरून मोजा. सतत शेजारी बसून खुणावणारी, पान उघडून देणारी, पेन हातात ठेवणारी व्यक्ती मिळाली की हुशार मुलगाही प्रत्येक कृतीच्या आधी त्या खुणेची वाट बघू लागतो. ही सवय लागायला फार दिवस लागत नाहीत, मोडायला मात्र वर्षे जातात. म्हणून मदतीला पायऱ्या असाव्यात आणि त्या नेहमी सर्वांत खालून चढाव्यात. आधी फक्त थांबायचे. मग वस्तूकडे नजर किंवा बोट. मग लिहिलेली किंवा चित्राची चिठ्ठी, कारण तोंडी सूचना हवेत विरते आणि चिठ्ठी समोर राहते. मग एखादा शब्द, त्यानंतर स्वतः करून दाखवणे, आणि हाताला हात लावून करवून घेणे अगदी शेवटी, तेही त्याला विचारून.

टॅबच्या बाबतीत तर त्याचा हात कधीही धरू नका. हात धरून टाइप करवून घेण्याची एक पद्धत परदेशात बरीच गाजली होती. १९९० च्या दशकात तिच्या नियंत्रित चाचण्या झाल्या, तेव्हा पडद्यावर उमटणारे शब्द हात धरणाऱ्याचेच असल्याचे दिसून आले. धरणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, आपण शब्द सुचवतो आहोत हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. टॅब स्थिर धरा, बोट त्याचे त्याला ठेवू द्या. सध्याचे अ‍ॅप इंग्रजीत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे मोफत अ‍ॅप पाहावे, त्यात मराठीची सोय आहे. कॅन्टीनमधले शब्द मराठीत बोलणारा टॅब काकांनाही लवकर कळेल.

आता कॅन्टीनविषयी. गर्दीच्या वेळी हा सराव करू नका. रांग नसताना जा आणि काकांना आधीच सांगून ठेवा की विचारायचे ते त्यालाच विचारा, उत्तर यायला थोडा वेळ लागेल. प्रत्यक्ष प्रसंगी काकांनी तुमच्याकडे बघितले तर तुम्ही मुलाकडे बघा आणि मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. हे दहा अंक बाहेरून फार लांब वाटतात. तुमच्या कपाळाला घाम येईल, काका चमचा वाजवतील, मागचा कोणी घसा खाकरेल. त्या वेळात मुलगा प्रश्न ऐकून, त्याचा अर्थ लावून, उत्तर शोधून, ते तोंडाने सांगायचे की बोटाने हे ठरवत असतो. सातव्या अंकाला तुम्ही 'वडापाव' म्हणालात तर त्याची सगळी मेहनत वाया जाते, आणि काकांच्या मनात तुम्हालाच विचारायचे हे आणखी पक्के होते.

वर्गात त्याच्या शेजारी न बसता एक बाक मागे, थोडे बाजूला बसा. नोट्स पूर्ण उतरवून देऊ नका. प्राध्यापकांकडून मुद्दे आदल्या दिवशी मिळवून, महत्त्वाच्या शब्दांच्या जागा मोकळ्या सोडून त्याला छापील पान द्या. त्या जागा त्याने भरायच्या. फळ्याचा फोटो काढण्याची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घ्या. प्राध्यापकांनी 'याला समजले का?' असे विचारले तर 'सर, त्यालाच विचारू या' एवढेच म्हणावे आणि शक्यतो दोन पर्यायांचा प्रश्न सुचवावा. बहुतेक प्राध्यापक वाईट हेतूने असे करत नाहीत. त्यांना कसे बोलावे हे ठाऊक नसते आणि एकदा दिसले की ते शिकतात.

दिवसाचे वेळापत्रक लिहून त्याच्या खिशात असावे. आपल्या कॉलेजांत तास ऐनवेळी रद्द होतो, खोली बदलते, आणि इतर मुलांना जी चंगळ वाटते तिथे याची घडी विसकटते. म्हणून वेळापत्रकात 'बदल' लिहिलेली एक चिठ्ठी पहिल्यापासून ठेवा आणि आनंदाच्या बदलांसाठीही ती वापरा, म्हणजे ती चिठ्ठी दिसली की पोटात गोळा येणार नाही. दिवस असा डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडणे हा नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून राज्यभर चाललेल्या 'टीच' पद्धतीचा गाभा आहे, आणि त्याला एका पेनाखेरीज काही खर्च येत नाही.

जिन्यावरच्या प्रसंगाला हट्ट समजू नका. हट्टात काहीतरी मिळवायचे असते आणि ते मिळाले की तो संपतो. इथे मेंदूवर आलेला ताण सहन होण्यापलीकडे गेलेला असतो. त्या क्षणी शिकवणे, समजावणे, 'काय झाले' हे परत परत विचारणे बंद. आवाज कमी, शब्द अगदी मोजके. त्याला उचलू किंवा आवळून धरू नका. गर्दीला दूर करा. यासाठी वर्गातली दोन जबाबदार मुले आधीच हाताशी ठेवा, कारण एकाच वेळी त्याच्याकडे आणि मोबाइलवाल्यांकडे तुम्ही बघू शकत नाही. चावायला त्याचा नेहमीचा रुमाल किंवा रबरी वस्तू पुढे करता येते, मनगट ओढून काढू नये. नंतर तो पूर्ण गळून जातो. त्या दिवशी पुढचा तास नाही केला तरी चालेल.

खरे काम मात्र त्याआधीचे आहे. एका वहीत प्रत्येक प्रसंगाआधी काय घडले, प्रसंग कसा होता आणि नंतर काय झाले एवढे लिहा. दोन-तीन आठवड्यांत वहीच बोलू लागते. तास संपण्याच्या पाच मिनिटे आधी वर्गातून निघण्याची परवानगी मिळाली तर जिन्याचा प्रश्न बहुधा तिथेच सुटेल. आणि जर अचानक वागणे बिघडले, कारण सापडत नसेल, तर दात, कान आणि पोट आधी तपासून घ्या. मला दाढ दुखते आहे हे सांगता न आल्याने महिनाभर डोके आपटणारी मुले मी पाहिली आहेत.

ढोलांसाठी कान झाकणारे जाड हेडफोन आत्ताच घ्या आणि शांत वेळी घालायचा सराव करा. ऐन गोंगाटात नवी वस्तू डोक्यावर चढवली तर ती स्वतःच त्रास होते. मैदानावरचा सराव किती ते किती असतो हे पथकाला विचारून ती वेळ त्याच्या वेळापत्रकात लिहा. आवाज कधी थांबणार हे कळले की निम्मा ताण उतरतो. विसर्जनाची मिरवणूक पुण्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि त्या काळात मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ते दिवस घरच्यांनीच ठरवावेत.

एक नाजूक गोष्ट. तो १७ वर्षांचा मुलगा आहे आणि तुम्ही तरुण मुलगी आहात. स्वच्छतागृहात मदत लागत असेल तर कॉलेजमधील ओळखीच्या पुरुष कर्मचाऱ्याची व्यवस्था लेखी करून घ्या. लहान मुलासारखे गाल ओढणे, जवळ घेणे टाळा, आणि त्याने मिठी मारली तर शांतपणे हात पुढे करून हस्तांदोलन शिकवा. कोणी त्याच्या शरीराशी गैर वागल्याचा संशय आला तर ती गोष्ट घरगुती ठेवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलांबाबत अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

वेळापत्रकातली कामे पार पाडण्यासाठी त्याच्या आवडीचा उपयोग करायला हरकत नाही: इतिहासाचे पान झाले की पाच मिनिटे मेट्रोचा नकाशा, असे.

उत्तर: ऑटिस्टिक वाचक, औंध

मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि सध्या नोकरी करतो. शाळेच्या शेवटच्या वर्षांत आणि कॉलेजात माझ्यासोबत एक दादा असत, त्यामुळे बाकाच्या दुसऱ्या बाजूने काही सांगावेसे वाटले. प्रत्येक ऑटिस्टिक माणूस वेगळा असतो, तेव्हा मी जे लिहितो ते त्या मुलाला लागू आहे की नाही हे त्यालाच विचारून ठरवावे.

विशेष शिक्षिकांनी दहा अंक मोजायला सांगितले, त्यात एक भर घालतो. थांबताना प्रश्न पुन्हा विचारू नका, आणि विचारायचाच तर त्याच शब्दांत विचारा. मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुळवत असताना कोणी चांगुलपणाने तोच प्रश्न सोप्या शब्दांत विचारला, की माझ्यासाठी तो नवा प्रश्न होतो, जुळवलेले सगळे मोडते आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. बघणाऱ्याला वाटते की याला सोपे करून सांगूनही कळत नाही.

डोळ्यांत बघण्याविषयी त्याच्या आईंशी आदराने पण स्पष्ट बोला. डोळ्यांत बघायचे आणि ऐकायचे, ही मला एका वेळी दोन कामे पडतात. मला चेहऱ्याकडे बघायला लावले तेव्हा मी चेहरे पाहिले, पण त्या काळात वर्गात काय शिकवले ते मला आठवत नाही. खिडकीकडे बघत मी नीट ऐकत असे. मुलाखतीत मी समोरच्याच्या कपाळाकडे बघतो; कोणालाही फरक कळत नाही आणि मला प्रश्न ऐकू येतो. हात झटकण्याचेही तसेच आहे. त्याने कोणाला लागत नाही, त्याला स्वतःलाही लागत नाही, आणि तो ताण बाहेर टाकण्याचा त्याचा मार्ग आहे. तो बंद केला तर ताण दुसरीकडून बाहेर पडेल, आणि मनगटाला चावणे त्याहून वाईट आहे.

मेट्रोची उद्घोषणा तो उगीच म्हणत नाही, असे मला वाटते. 'पुढील स्थानक' असे तो कोणत्या वेळी म्हणतो ते वहीत लिहून ठेवा. त्याला कदाचित इथून निघायचे असेल. 'दरवाजांपासून दूर उभे राहा' असे म्हणत असेल तर कोणीतरी फार जवळ आले असेल. मी लहानपणी क्रिकेटच्या समालोचनातली वाक्ये म्हणत असे आणि माझ्या आजीला ती नेमकी कळत.

मला एका सूचनेबद्दल मात्र तीव्र मतभेद नोंदवायचा आहे. मेट्रोचा नकाशा त्याचे बक्षीस करू नका. ती त्याची विश्रांती आहे. ज्या गोष्टीने मन ठिकाणावर येते ती गोष्ट काम केल्याशिवाय मिळणार नाही असे ठरले, तर सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे काम होत नाही त्या दिवशी, ती हाताशी नसते. माझे रेल्वेचे वेळापत्रक असे कपाटात ठेवले जात असे, आणि त्या कपाटाच्या किल्लीचा आवाज मला अजून आवडत नाही. शिवाय आवड ही शिकण्याची वाटही असते. १७ वर्षांच्या मुलाला वनाज ते रामवाडी पाठ आहे, तर भाडे, अंतर, वेळ, शहराचा इतिहास हे सगळे त्या नकाशावरून शिकवता येते.

शेवटचे म्हणजे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणे. दादा रोज दारात उभे राहून आईला दिवसभराचा वृत्तांत देत आणि मी बूट काढत सगळे ऐकत असे. जो बोलत नाही तो ऐकतही नाही, असा समज लोकांचा का होतो हे मला कळलेले नाही.

पुन्हा: नवी मदतनीस, कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. रिकाम्या वेळी कॅन्टीनला जाऊन पाहिले. काकांनी विचारले, मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'पोहे. शेव नको.' आजवर मी त्याच्यासाठी वडापाव मागत होते, कारण आईंनी पहिल्या दिवशी तसे सांगितले होते.

आणखी दोन गोष्टी विचारते. माझे काम तोंडी ठरले आहे. मे महिन्याच्या सुटीत पगार मिळेल का, मी आजारी पडले तर काय, हे कोणीच बोललेले नाही. तसेच जिन्यावरच्या प्रसंगानंतर वर्गातल्या मुलांनी मला विचारले की याला नेमके काय झाले आहे. मी वर्गाला समजावून सांगावे का?

उत्तर: एक आई, सहकारनगर

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे आणि त्याच्यासोबत वेगवेगळ्या मदतनीस ताई-दादांनी काम केले आहे, म्हणून पालकांच्या बाजूने लिहिते.

त्या आईंवर रागावू नका. 'लोक बघतात' हे वाक्य वरवरचे वाटते, पण त्यामागे वर्षानुवर्षे बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात ऐकलेले टोमणे असतात. आपण गेल्यावर याचे कसे होणार ही काळजी आम्हाला झोपू देत नाही, आणि चारचौघांसारखा दिसला तर जग त्याला सांभाळून घेईल अशी आशा आम्ही धरून बसतो. तुम्ही 'डोळ्यांत बघायला लावणार नाही' असे एकदम म्हणालात तर त्यांना ते जबाबदारी झटकल्यासारखे वाटेल. त्याऐवजी थेरपिस्ट, आई-वडील आणि तुम्ही एकत्र बसा, आणि त्यालाही बोलवा. या वर्षात तीनच गोष्टी साधायच्या असे ठरवून कागदावर लिहा. त्यानंतर कोणी नवी सूचना दिली तर त्या कागदाकडे बोट दाखवता येते.

त्याच बैठकीत पगाराचेही लिहून घ्या. कामाचे तास, सुट्या, मे महिना, परीक्षेचा काळ, प्रवासखर्च, आणि काम सोडायचे किंवा थांबवायचे झाल्यास दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचे, हे सर्व त्यात हवे. आमच्याकडे एक ताई महिन्याच्या मध्येच अचानक यायच्या थांबल्या, आणि माझा मुलगा कितीतरी दिवस रोज सकाळी बूट घालून दाराशी बसत असे. त्यांचीही बाजू होती, सुटीतला पगार कापला गेल्याने त्यांना घर चालवणे कठीण झाले होते. मे महिन्यात निम्मा तरी पगार द्यावा असे माझे ठाम मत आहे. चांगली मदतनीस जून उजाडला की पुन्हा मिळतेच असे नाही. दारात वृत्तांत देण्याऐवजी आम्ही आता वही वापरतो: खाणे, झोप, शी-शूचा त्रास, आज स्वतःहून काय केले. तक्रारी फोनवर, तो जवळ नसताना.

फिट येण्याबद्दल विचारून ठेवा. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांहून जास्त असते आणि तो किशोरवयात नव्याने सुरू होऊ शकतो. माझ्या मुलाचा १५ व्या वर्षी सुरू झाला. फिट आली तर घड्याळ बघा, त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचे नाही, आणि कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला पुढे आले तर त्यांना हात जोडून दूर ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

कागदपत्रांचे काम पालकांचे आहे, पण तुम्हाला माहीत असावे. ससूनसारख्या शासकीय रुग्णालयाकडून मिळणारे ऑटिझमचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, नसेल तर बारावीच्या सवलती अडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ऑटिझमचा समावेश २१ प्रकारांच्या दिव्यांगत्वात केलेला आहे आणि शासनमान्य संस्थांनी अशा विद्यार्थ्याला सामावून घेऊन योग्य त्या सोयी द्याव्यात असे त्यात म्हटले आहे. तेव्हा तासाच्या पाच मिनिटे आधी निघू देणे ही कॉलेजची मेहेरबानी नाही. ती मागताना अजिजी करू नका, नम्रपणे पण सरळ मागा.

पुढच्या वर्षी तो १८ चा होईल. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार सज्ञान ऑटिस्टिक व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. प्रत्येकाला पालक लागतोच असे नाही, हे मी मुद्दाम लिहिते. ज्याला शेव नको हे सांगता येते, त्याला आणखी बऱ्याच गोष्टी सांगता येतील. त्या विचारण्याचा सराव या वर्षात झाला तर आई-वडिलांनाही निर्णय घेणे सोपे जाईल. तुम्ही स्वतः मात्र त्याच्या वतीने कुठेही सही करू नका.

उत्तर: विशेष शिक्षिका, निगडी

औंधच्या वाचकांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मन शांत करणारी गोष्ट अटीवर ठेवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि अशी एक गोष्ट दिवसभर विनाअट त्याच्या दप्तरात असावी. परंतु काही मुलांना नावडते काम सुरूच करता येत नाही आणि पुढे काहीतरी आवडते आहे हे दिसले की ते सुरू होते. तिथे 'आधी हे, मग ते' असा क्रम लिहून दाखवण्याचा उपयोग होतो, हा माझा अनुभव आहे. त्यासाठी नकाशाऐवजी दुसरी एखादी आवड निवडावी.

परीक्षेत विद्यार्थ्याची उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाबाबत गैरसमज नको. तुम्ही वर्षभर सोबत असलात तरी बारावीला त्याच्या लेखनिक म्हणून बसता येईलच असे धरून चालू नका. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळेची तरतूद होती, पण उमेदवाराने स्वतः लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण उमेदवाराहून एक पायरी खाली असावे अशी अटही होती. मंडळाचे त्या वर्षीचे परिपत्रक कॉलेजकडून आधीच मागून घ्या आणि लेखनिकासोबत सराव लवकर सुरू करा.

शिक्षणाचे म्हणाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणातील बी. एड. पदवीनंतर करता येतो आणि त्यानंतर परिषदेकडे नोंदणी होते. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक केलेली आहे, म्हणून तोवर स्वतःला विशेष शिक्षिका किंवा थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका, कोणी आग्रह केला तरी. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेची मान्यता चालू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा.

उत्तर: ऑटिस्टिक वाचक, औंध

वर्गाला सांगावे का, याचे उत्तर तुमच्याकडे किंवा आमच्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. त्याला शांत वेळी, घरी, टॅब हाताशी असताना विचारा. 'वर्गाला सांगू का?' असा एकच मोठा प्रश्न नको. तुझे नाव घेऊन सांगायचे की नाव न घेता, ऑटिझम हा शब्द वापरायचा की फक्त 'याला गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होतो' इतके सांगायचे, तू वर्गात असताना की नसताना, मी सांगू की मॅडमनी सांगावे, असे पर्याय कागदावर लिहून द्या आणि 'सांगू नको' हा पर्यायही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. उत्तर त्याच दिवशी मिळाले पाहिजे असे नाही.

तोवर कोणी विचारले तर 'ते त्याने सांगायचे आहे, पण सॅक मागून ओढू नका आणि व्हिडिओ काढू नका' एवढे बोलायला कोणाचीही परवानगी लागत नाही. ज्यांनी व्हिडिओ काढले ते त्यांनी पुसून टाकले की नाही, हे कॉलेजने याच आठवड्यात पाहावे. आईंनी तसे पत्र प्राचार्यांना द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.